शेवग्याखालच्या मुंग्या

२९ जानेवारी

बाई कवळीवाले,

पोचले एकदाची. तुझ्या दादाने मला लिफ्टमधून आठव्या मजल्यावर असं आणलं की बघणाऱ्याला वाटावं नवा फ्रीज आलाय. "सांभाळून, कोपरा लागेल" असं दोनदा म्हणाला. खुब्याचं हाड सांधतंय म्हणतात. सूनबाई चांगली आहे, आणि हे मी तिच्या पाठीमागेही म्हणते, म्हणजे खरंच असावी. पण इथे बघायला काय आहे? कठड्यावर कबुतरं आणि समोरच्या इमारतीत एक माणूस, जो रोज खिडकीत उभा राहून दात घासतो. तुझ्या कामाचा माणूस दिसतो.

फोन करू नकोस. फोनवर मला निम्मं ऐकू येतं, उरलेलं निम्मं मी मनाने जुळवते, आणि मग भांडणं होतात. पत्र लिही.

घर तुझंच समज. अट एकच. थंडी ओसरली की अंगण जागं होतं. रोज एक फेरी मारायची आणि या वर्षी पहिल्यांदा काय दिसलं ते मला कळवायचं. उभा जन्म चष्म्याच्या दुकानात दुसऱ्यांना दिसावं म्हणून काचा घासल्या. आता माझ्यासाठी तू बघ. लिंबाच्या कोवळ्या पानांवर पक्ष्याची शिट पडल्यासारखं दिसेल, ते पुसायचं नाही. ती लिंबाळीची पिल्लं. मोठी झाली की हिरवी होतात आणि पुढे त्यांचं काळं-पिवळं फुलपाखरू होतं. कण्हेरीवर बोटाएवढी जाड हिरवी अळी येईल, शेपटीवर शिंग आणि मानेजवळ दोन निळे डोळे. ते डोळे खोटे असतात, नुसते भेवडवायला. तिचा पुढे पतंग होतो, असा देखणा की बघत राहशील. फवारा नावाची वस्तू अंगणात आणायची नाही.

तुझी आत्या

ता. क. तुझ्या भिंगरीला शेवग्याच्या बुंध्याशी फार खेळू देऊ नकोस. मुंग्या असतात.


११ फेब्रुवारी

आत्या,

घरात स्थिरावलो. दातांची लॅब इथून चालत जाण्यासारखी आहे, त्यामुळे सकाळची धावपळ वाचली. परवा एका आजोबांनी कवळी परत पाठवली. तक्रार काय, तर "हसताना दुसऱ्याचं हसू येतं." आता मी त्यांचं हसू कुठून आणू? पुन्हा साचा घेतला. भिंगरीचे बाबा ट्रक घेऊन लांब गेलेत, महिनाभर तरी येत नाहीत.

तुझी लिंबाळी सापडली! मी ओलं फडकं घेऊन पान पुसायला निघाले होते, आणि ती शिट चालायला लागली. मी किंचाळले, भिंगरी हसून हसून पायरीवर लोळली. पाच आहेत. भिंगरीने सगळ्यांना नावं ठेवली आहेत, पण रोज बदलते, म्हणून लिहीत नाही. एक फुलपाखरूही येऊन गेलं, काळं-पिवळं, लिंबाभोवती घिरट्या घालत होतं. तेच ना?

गल्लीतली सगळी पोरं आता आपल्याच अंगणात असतात. दिवसभर लपंडाव. शेवगा हा त्यांचा अड्डा आहे. ज्याच्यावर राज्य येईल त्याने बुंध्याला तोंड लावून डोळे मिटून आकडे म्हणायचे. भिंगरीला अजून नीट मोजता येत नाही, ती बारा झाले की परत सहावर येते, त्यामुळे लपणाऱ्यांची चंगळ असते. मुंग्या काही दिसल्या नाहीत. भिंगरी म्हणते, दिसल्या तर मीच त्यांना चावेन.

तुझी
कवळीवाली


१७ फेब्रुवारी

गुणाची माझी बाई,

तुझं पत्र तीनदा वाचलं. सूनबाईला वाचून दाखवलं, व्यायाम करून घ्यायला येते त्या मुलीलाही दाखवलं. ती म्हणाली, "पत्र हातात असताना तुम्ही पाय जास्त उचलता." लिंबाळीच ती. आमच्या फुलपाखरू मंडळाच्या पत्रकाला मी लगेच कळवलं, या वर्षीची आपल्या भागातली पहिलीच नोंद आहे. निरीक्षक म्हणून तुझं नाव देऊ का 'कवळीवाली' हेच?

आणि ऐक. त्या पोरांना अड्डा बदलायला सांग. जिन्याचा खांब आहे, फाटक आहे, शेवगाच कशाला हवा? मुंग्या लाल असतात, कडकडून चावतात. बुंध्याशी बघून घे. भिंगरीला तोंड लावू देऊ नकोस. विसरू नकोस हं.

आत्या


१० मार्च

आत्या,

उत्तराला उशीर झाला. लॅबमध्ये काम फार होतं. दिसलेलं लिहिते.

पांढरं फुलपाखरू, पंखांची टोकं केशरी, एकच दिसलं. पिवळी बारीक, जमिनीलगत उडणारी, बरीच. घाणेरीच्या फुलांवर एक मोठं काळं, खालच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. भिंतीवर तपकिरी पतंग, सुकलेल्या पानासारखा, दिवसभर हलला नाही. मीही दिवसभर त्याच्याचकडे बघत होते.

भिंगरी बरी आहे. अड्डा बदलला.

तुझी
मी


१६ मार्च

बाई,

मंडळाचं पत्रक आलं. पहिल्या पानावर लिंबाळी आणि खाली 'निरीक्षक: कवळीवाली'. कात्रण सोबत ठेवलंय. आता तू आमच्यातली झालीस, सुटका नाही.

पण तुझं पत्र वाचून मला झोप लागेना. माझ्या अंगणात घाणेरी नाही. कधीच नव्हती. लिंबावरच्या पाच जणांचं काय झालं, त्याचा एक शब्द नाही. पतंगासमोर दिवसभर बसायला तुला लॅबवाल्यांनी रजा कशी दिली? आणि 'भिंगरी बरी आहे'! धडधाकट मुलाबद्दल कोणी असं लिहीत नाही. धडधाकट मुलाबद्दल लोक तक्रारी लिहितात.

शेवगा कसा आहे? जे असेल ते सरळ लिही. मी रागावणार नाही. व्यायामवाली मुलगी म्हणते, एप्रिलअखेर मला काठी घेऊन घरी जाता येईल. पण त्याआधी मला कळायला हवं.

आत्या


२४ मार्च

आत्या,

कुठून सुरुवात करू तेच कळत नाही. तू रागाव. रागावलीस तर मला बरं वाटेल.

तुझं फेब्रुवारीतलं पत्र आलं त्या संध्याकाळी मी शेवग्यापाशी गेले होते. तू म्हणाली होतीस म्हणून खाली वाकून मुंग्या शोधल्या. मुळांपाशी, दगडांखाली, सगळीकडे. एकही नव्हती. मला वाटलं, आत्याला उगीच काळजी. पोरांना म्हटलं, खेळा. मान वर करून बुंध्याकडे बघितलंच नाही. मुंग्या शोधत होते ना.

त्यानंतरच्या रविवारी भिंगरीवर राज्य आलं. तिने नेहमीसारखं बुंध्याला तोंड लावलं. तिथे केसाळ सुरवंटांचा थर होता, सालीच्याच रंगाचा, एकमेकांना चिकटून बसलेले. तिने गाल आणि डोळा त्यात दाबला. ती किंचाळली तेव्हा मी आत भांडी घासत होते. मला वाटलं कोणी सापडलं म्हणून ओरडतेय. आत्या, मी हातातलं भांडं घासून पूर्ण केलं आणि मग बाहेर गेले.

गाल दुसऱ्या दिवशी उतरला. डोळा नाही. ते बारीक केस डोळ्यात रुततात, आणि चोळलं की आणखी आत जातात. तिने चोळलाच. डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीखाली बसून एकेक केस काढला, तरी दोन-तीन आत खोल राहिलेत. डोळ्यावर पट्टी आहे, थेंब घालायचे आहेत, सारखं दाखवायला जावं लागतं. त्या डोळ्याने धुरकट दिसतं म्हणते. पुढे किती सुधारेल, हे आत्ता कोणी सांगत नाही.

दवाखान्यातून आले ती तशीच माणूस बोलावला आणि शेवगा तोडायला लावला. मग औषध मारायला लावलं. सगळीकडे. लिंबावरही. भिंगरीने नावं ठेवलेल्या अळ्या तेव्हा हिरव्या झाल्या होत्या, त्या एकेक करून खाली पडल्या आणि मी उभी राहून बघितल्या. मला थांबवता आलं असतं. मला थांबवायचं नव्हतं. तुझ्या अंगणातलं एकही जिवंत राहू नये असं मला त्या वेळी वाटत होतं.

नंतर वहिनीची चिठ्ठी आली. "तुझं पत्र आलं की आत्या दोन घास जास्त जेवतात, लिहीत राहा." मग मी काय लिहिणार होते? पण फुलपाखरं खोटी नाहीत गं. डोळ्यांच्या दवाखान्याच्या आवारात घाणेरीचं कुंपण आहे. आत भिंगरीला तपासत असायचे आणि मी बाहेर बाकावर बसून मोजायचे. तो पतंगही तिथल्याच भिंतीवरचा. पत्ता तेवढा खोटा.

तू घर विश्वासाने दिलंस. मुंग्यांबद्दल दोनदा बजावलंस. मी ना तुझं अंगण सांभाळलं, ना माझी पोर. मंडळाला कळव की माझी नोंद काढून टाका. मला माफ करता आलं तर कर.

तुझी
भाची


१२ एप्रिल

बाई,

उत्तराला इतके दिवस लागले ते राग आला म्हणून नव्हे. लिहायला बसायची आणि कागद फाडायची. शेवटी सूनबाई म्हणाली, काय लिहायचंय ते मला सांगा, मी लिहिते. तिला सांगायलाही जीभ रेटली नाही. म्हणून मीच लिहितेय, अक्षर सांभाळून घे.

माफी तू मागायची नाहीस. शेवग्याखाली मुंग्या कधीच नव्हत्या.

सुरवंट दर वर्षी येतात. दिवसा बुंध्यावर गोळा होऊन बसतात आणि रात्री वर जाऊन पाला खातात. मी दर वर्षी त्यांच्या आधी जुनी चादर बुंध्याभोवती गुंडाळून सुतळीने बांधते, म्हणजे कोणाचा हात लागत नाही. ते जमिनीत उतरले की चादर सोडते. आजवर कोणाला काही झालं नाही, म्हणून मी स्वतःवर खूश असायचे. या वर्षी खुबा मोडला आणि चादर बांधायची राहिली. निघायच्या आधी खिडकीला टेकलेल्या फांदीवर अंड्यांचा पुंजका बघितला होता. भिंगाने बघितला, नीट ओळखला.

तुला सांगणार होते. पण तुझा दादा म्हणाला होता, भाची राहायला आली तर घर ठेवू, नाहीतर विकून टाकू, रिकामं कशाला ठेवायचं? मी मनात म्हटलं, लहान मूल घेऊन येणारी बाई, तिला विषारी सुरवंटांचं झाड आहे म्हटलं तर ती एकतर येणार नाही, नाहीतर आधी झाड तोडेल. म्हणून मुंग्या लिहिल्या. तेवढ्याने पोर लांब राहील आणि झाडही राहील, असा माझा हिशोब.

तुझ्या पत्रात वाचलं की पोरं बुंध्याला तोंड लावतात. त्याच दिवशी खरं लिहायला हवं होतं. सूनबाईकडून फोन करवून घ्यायला हवा होता. मी काय केलं? मुंग्यांना लाल केलं. दुकानात असताना एक माळी यायचा आमच्याकडे, त्याच्या डोळ्यात असाच केस गेला होता. त्याला कुठल्याही काचेने नीट दिसत नसे. ते केस काय करतात हे मला पुस्तकातून नव्हे, त्या माणसाच्या डोळ्यात बघून माहीत होतं. आणि तरी मी तुला खाली वाकून मुंग्या शोधायला लावल्या.

तू भांडं घासून मग बाहेर गेलीस, त्याचं काही मनात ठेवू नकोस. ते कोणीही केलं असतं. मी केलं ते कोणीही केलं नसतं.

झाड तोडलंस ते बरं केलंस. अंगणासाठी रडू नकोस, मीही रडत नाही. मी एप्रिलमध्ये येणार होते. आता तू ये म्हणालीस तरच येईन.

आत्या


२० एप्रिल

आत्या,

पत्र वाचून मी ते डब्यात ठेवलं आणि डबा माळ्यावर टाकला. दोन दिवसांनी काढून परत वाचलं. मला राग आलाय. खोटं कशाला सांगू? माझं पोरगं चांगला डोळा झाकून चालता येतं का ते बघतं, आणि मला तुझ्या लाल मुंग्या आठवतात. तू सुरवंट आहेत म्हटलं असतंस तरी मी आले असते गं. चादर मी बांधली असती. तू मला विचारलंच नाहीस.

डोळा वाचलाय. परवा पट्टी निघाली. मधोमध एक डाग राहील, चष्मा लागेल, पण दिसतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नशीब. मी मान हलवली.

आता एक गोष्ट. भिंगरीने तुला मार्चमध्येच पत्र सांगितलं होतं, मी लिहून घेतलं होतं. पाठवलं नाही, तुला लागेल म्हणून. आता पाठवतेय. तुला लागावं म्हणूनही असेल, मला नीट सांगता येत नाही. पण त्याचं उत्तर माझ्याच्याने देववत नाही. मी पन्नासदा सांगून पाहिलं, ती मानत नाही. हे तिचे शब्द:

"आत्याआजी, सॉरी. माझ्या गालाखाली तुझे सुरवंट मेले. मी बघितलं नव्हतं. माझे डोळे मिटलेले होते, तसा नियमच आहे. मग आईने सगळ्यांना मारलं, ते पण माझ्यामुळे. तू रडू नको."

आणि काल असं झालं. कण्हेरीच्या मागच्या बाजूला औषध नीट लागलं नसावं, तिथे तुझी ती शिंगवाली हिरवी अळी आली होती. मी भिंगरीला दाखवली नव्हती. काल ती अळी एकदम मळकट तपकिरी झाली आणि झाड सोडून फरशीवरून चालत निघाली. भिंगरी खुर्चीवर चढली आणि रडायला लागली, "ही पण मरतेय, ही पण माझ्यामुळे का?" मला काय माहीत? ती अळी भिंतीकडेच्या वाळलेल्या पाल्यात शिरली, अजून बाहेर आलेली नाही. भिंगरी तिथे कोणाला झाडू मारू देत नाही. स्वतः लांबूनच बघते. अळी मेली असेल तर तसं लिही, पण खरं लिही.

तुझी भाची


२७ एप्रिल

भिंगरी,

हे पत्र तुझं आहे. आईकडून वाचून घे. अक्षर मोठं काढलंय, थोडं तुलाही वाचता येईल.

ती अळी मरत नाहीये. ती मोठी झाली की हिरवी राहत नाही, मातकट होते, आणि झाडावरून उतरून पाल्याखाली लपते. तिथे कोश करून झोपते. काही दिवसांनी तिचा हिरव्या-गुलाबी पंखांचा पतंग होतो. तो संध्याकाळी उठून जातो, आपल्याला दिसेलच असं नाही. तू झाडू मारू देत नाहीस, हे अगदी बरोबर करतेस. हे खरं आहे, मी पुष्कळदा बघितलंय.

आता दुसरं खरं. सुरवंट तुझ्यामुळे मेले नाहीत. तू खेळाच्या नियमाप्रमाणे डोळे मिटलेस. ते तिथे येणार, हे मला माहीत होतं. मी तुझ्या आईला सांगितलं नाही. मुंग्या आहेत असं खोटं सांगितलं, कारण मला माझं झाड हवं होतं. तुझा डोळा दुखला तो माझ्यामुळे. आईने औषध मारलं तेही माझ्यामुळे. सॉरी तू म्हणायचं नाही, मी म्हणायचं. सॉरी, भिंगरी.

तुझ्या चष्म्याची काच मी स्वतः बघून घेईन. ते काम मला येतं. फ्रेम तुझ्या आवडीची.

आई हो म्हणाली तर मी येईन. काठी घेऊन चालते, पळता येत नाही, त्यामुळे लपंडावात सगळ्यांनाच सोपं जाईल. राज्य माझ्यावर. मी जिन्याच्या खांबाला तोंड लावून डोळे मिटून उभी राहीन आणि बारा झाले की परत सहावर येईन, तुझ्यासारखी. तू लांब जाऊन लप. मी तुला शोधायला येणार नाही. तुला माझ्याकडे यावंसं वाटेल तेव्हाच बाहेर ये, तोवर मी मोजत राहीन.

आत्याआजी